नाही म्हणायचा तास

"आता नाही म्हणा," ट्रेनिंग घेणाऱ्या माया मॅडमनं सांगतलं.

रागिणीताईनं तोंड उघडलं. समोर कुंदन पायावर पाय टाकून खुर्चीत रेलला होता. खरा तं तो अकोल्याच्या एका कॉलेजातला क्लार्क, पण ट्रेनिंगमंधी या घडीले त्याले प्राध्यापक केलं होतं, अन् गडी प्राध्यापक होऊन मोठा खुश होता.

"काय ताई," कुंदन नाकातून बोलला, "संत्र्याच्या प्रोजेक्टचा पैसा पडला आहे न? त्यातून माह्या खोलीत एसी लावून द्या बरं."

"हो सर," रागिणीताई बोलून गेली.

सारा हॉल हासला. कुलरचा आवाज बी त्यात बुडाला.

"अहो ताई, सकाळपासून हेच चाललंय," मॅडम म्हणाल्या.

"काय करू मॅडम, खुर्चीत माणूस दिसला का आपोआप निंगते तोंडातून. सासऱ्याले हो, सायबाले हो. नाही मनायचं कुठी शिकू?"

"भाजीवाल्याला तरी म्हणत असाल की."

"आमीच भाजीवाले आहो, तिवस्याचे. गिऱ्हाइकाले नाही मनलं तं गिऱ्हाईक जाते."

मॅडमले बी हासू आवरलं नाही.

एसीचं मागणं काही ट्रेनिंगवाल्याईच्या मनातलं नव्हतं. ज्या मागण्यानं तुमचा जीव खाल्ला तेच इथं आणा, असं मॅडमनं सकाळीच सांगतलं होतं. रागिणीताई विद्यापीठात प्रोजेक्टच्या खर्चाचं काम पाहे. तिथल्या गावंडे सराईनं मोर्शीकडचं संत्रं झाडावरून काहून गळते हे शोधायले सरकारातून पैसा आणला होता. सोमवारी सर तिच्या टेबलापाशी आले अन् त्याच पैशातून एसी मागून बसले. ताई हो सर म्हणून मोकळी झाली, अन् मंग पस्तावली. एसी लागणार सराच्या डोक्यावर, संत्रं उन्हातच गळणार. ऑडिटवाले आले का सराले कोणी विचारत नाही, कागद कोणी पुढं सरकवला तेच विचारतात. बरं, नाही म्हणावं तं रोज त्याच माणसापुढं उभं राहणं आहे. म्हणून सोमवारपासून ती सराचा फोनच उचलत नव्हती.

अन् तवाच तिच्या पर्समंधला फोन वाजला. तिनं पाह्यलं अन् तिचा चेहराच उतरला.

"खरेवाले सर?" कुंदननं विचारलं.

तिनं मान हालवली.

"जा बाहेर, बोला," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणा, कारण सांगा, दुसरा रस्ता दाखवा. आणि मग गप्प बसा. लोक तिथंच चुकतात."

"भेऊ नका ताई," कुंदन म्हणाला. "फोनमंधी खुर्ची दिसत नाही."

वऱ्हांड्यात उन्हाचा भपारा होता. ताईनं फोन कानाले लावला.

"रागिणीताई, कुठी आहा तुमी? सोमवारपासून फोन लावून राह्यलो मी."

"सर, थो एसी," ताईनं डोळे मिटले. "नाही होत सर."

आता निंगालंच होतं, तं बाकीचं बी मागून आलं. "पैसा संत्र्याच्या कामाचा आहे, खोलीचा नाही. ऑडिटमंधी तुमी बी अडकसान अन् मी बी. खोलीसाठी पायजे असन तं विद्यापीठाकडं येगळा अर्ज टाका, मी लिहून देते."

मंग ती गप्प बसली. 'पाहते न सर मी काहीतरी' हे गळ्यापर्यंत आलं होतं, ते तिनं तसंच खाली दाबलं. गेलं, तिले वाटलं. आता सर काय कुलगुरूले सांगते का काय.

मंग फोनमंधी लांब श्वास ऐकू आला. डोक्यावरचा धान्याचा कट्टा खाली टाकल्यावर हमाल सोडते तसा.

"सुटलो बाप्पा," सर म्हणाले.

"काय जी?"

"अवो, माह्या बायकोच्या भावाचं एसीचं दुकान आहे, इथंच अकोल्याले, जुन्या शहरात. लय मांगं लागला थो, तुमच्या प्रोजेक्टमंधी माहा एक एसी घ्याच मने. त्याले नाही मनायची माही टाप नाही, थो जेवायले घरी येते. मनलं, रागिणीताईच्या टेबलावर टाकू, थ्या नियमावर बोट ठेवतीन अन् आपण सुटून जाऊ. अन् तुमी तं हो मनून बसल्या. झोप गेली ना माही. कसंबी करून नाही मना, हेच सांगाले फोन लावून राह्यलो, तं तुमी उचलतच नाही."

रागिणीताई तिथंच पायरीवर बसली. पायरी तापून लाल झाली होती, तिले समजलंच नाही. पदर तोंडाले लावून अशी हासली का डोळ्यातून पाणी आलं.

"मंग आता त्याईले काय सांगसान?" तिनं विचारलं.

"तुमचं नाव सांगतो. ऑफिसवाली बाई लय खट आहे, कोणाचं आयकत नाही मनतो. चालन न तुमाले?"

"चालन सर. इथं नाही मनायचंच ट्रेनिंग चालू आहे माहं," ताई म्हणाली. जन्मात तिले कोणी खट म्हटलं नव्हतं.

तिकडून भांड्याचा आवाज आला, मंग कोण्या बाईचा. सराईनं आवाज एकदम बारीक केला.

"ताई, एक विचारू? तुमच्या थ्या ट्रेनिंगमंधी प्राध्यापकाले घेतात का?"