कुलूप नसलेला तंबू

समजा बाळांनो, तुमच्या नारीन गावातल्या शाळेत तीन तारांचं कोमुज सगळ्यांत सुरेख तुम्हीच वाजवता. पण जगात दुसरीकडे कुठेच नसलेली धून आहे ती तुमच्या वर्गातल्या उल्जानकडे, जिला एक तारही धड छेडता येत नाही. कसं वाटेल? जिबेकला अगदी तसंच वाटत होतं.

ती धून उल्जानच्या वारलेल्या आजोबांची. तिचं एकुलतं एक रेकॉर्डिंग शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं आणि उल्जानने ते अजून कुणालाच ऐकवलं नव्हतं. जिबेकने ते चोरून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि एके दिवशी पुसून टाकलं.

उल्जान रडत असताना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या इलियास अगायनी, म्हणजे सरांनी, वर्गाला सांगितलं, "दुसऱ्याचं कॉम्प्युटरमधलं काही पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. मोठ्यांना त्यासाठी तुरुंग असतो."

"पण अगाय, तिने पासवर्ड कुठे ठेवला होता?" जिबेक म्हणाली.

"कुरणावरच्या तंबूला तरी कुलूप असतं का गं? खुशाल आत जा, घोडीच्या दुधाचं वाटीभर कुमीस पी, घरची आजी आणखी आग्रह करेल. पण कुमीसची पखालच उपडी करून आलीस तर?"

मुलं हसली. जिबेक हसली नाही.

"परत मिळेल ना, अगाय?" उल्जानने विचारलं.

"नाही गं बाळ. सगळं करून पाहिलं."

जिबेक उठली. तिने भिंतीवरचं कोमुज काढलं आणि सगळ्या वर्गासमोर ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.