बांधीत पडलेला आर्यभट

पत्र्याचा गोळा दुधरामच्या धानाच्या बांधीत अर्धा रुतला होता, आणि उदेलाल पाटील शेणाकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत होते.

दुधरामची बांधी म्हणायचं ते कागदापुरतं. सीलिंग कायद्याच्या धाकाने पाटलांच्या वडिलांनी ती जमीन दुधरामच्या बापाच्या नावावर चढवली होती. सातबारा दुधरामचा, धान पाटलांचं. सारं गाव तसंच मानायचं, दुधरामही. यंदा, म्हणजे दोन हजार चारला, पाटील ती राइस मिलवाल्याला विकणार होते. दिवाळी झाली की दुधरामने अंगठा द्यायचा, काम संपलं.

"मालक, आभाळातून पडला जी," दुधराम म्हणाला. "म्हशीनं दावं तोडलं."

"तुह्या डोक्शावर पडाले पायजे होता. आवाज तरी घुमला असता."

शाळेचे भुवनेश्वर गुरुजी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून वाकून गोळ्याचे पैलू न्याहाळत होते. "दोनच्या नोटेवर मागं असतो तसाच दिसते. आर्यभट! आपला पहिला उपग्रह. पंचाहत्तर साली रशियातून सोडला, ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजाले. पण पाटीलजी, तो तर ब्याण्णवलाच..."

"मालूम आहे. पाच दिवसांत बिघडला. आपल्या लोकायनं बनवलं, आनखी काय होईन?" पाटील पचकन थुंकले. "गुरुजी, तुम्ही पोट्टे हाकला."

गुरुजी पोट्टे हाकायला लागले.

दोन दिवसांनी पांढरी जीप आली. सफारी घातलेला, जाड चष्म्याचा साहेब उतरला. गोळ्याच्या जवळ न जाता त्याने धुऱ्यावरच टोपी काढून छातीशी धरली.

"याची वीज गेली," तो भरल्या आवाजात म्हणाला, "पण उपग्रह कसा बांधायचा ते यानेच आपल्याला शिकवलं. यह नहीं उडता, तो आगे का एक भी नहीं उडता."

पाटलांना हसू आवरेना. डबड्याला सलामी!

"जमीन किसकी है?"

"कायले?" पाटलांनी सावधपणे विचारलं. मनात भरपाईचा विचार घोळत होता.

"मालकाला नागपूरला न्यायचंय. आभाळातलं विष अंगात भिनलं का, सुया टोचून पाहायचं. आणि ही माती माणूसभर खोदून न्यायची. खर्चा मालिक का."

गाव मागे सरकलं. सगळ्यांच्या मागे पाटील.

"याची! या दुधरामची! सातबारा पाहा!"

दुधरामने त्यांचे पायच धरले. "असं नोका करू जी मालक! तुमचीच जमीन हाये, साऱ्या गावाले मालूम हाये!"

"हट्! नागऱ्याच्या महादेवाची आन घेऊन सांगतो. ना माह्या बापाची होती, ना माही आहे, ना माह्या पोरायची राहीन!"

साहेबाने मान डोलावली. गोळा गोणपाटात बांधला गेला, दुधराम जीपमध्ये. त्याची बायको प्रेमिला पदर तोंडात कोंबून नुसती थरथरत होती. पाटलांना तिची थोडी कीव आली. फार नाही.

आठवड्याने दुधराम धडधाकट परतला. "विष निंगालं नाही जी. खोदाचंबी रद्द झालं."

"मंग आता अंगठा दे," पाटील म्हणाले.

"कसा देऊ जी? तुमी महादेवाची आन घेतली न. मले पाप लागन."

चावडीवर बसलेल्यांनी माना हलवल्या. नागऱ्याच्या महादेवापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. बावळटाचं नशीब, असं म्हणत पाटील दात खात घरी गेले.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. भर दुपारी दंडार रंगली होती. पाटील तोऱ्यात पुढच्या खुर्चीवर बसले होते, बाजूला गोंदियाचा पाहुणा. राजा झालेला नट पुढे आला, मुकुट काढून छातीशी धरला आणि भरल्या आवाजात बोलू लागला.

पाटलांचं पान हातातच राहिलं.

"क्या आवाज है!" पाहुणा म्हणाला. "कोण जी हा?"

मागून दुधराम अदबीने वाकला. "आमचे जवाई होत जी."