हात लावून बघ

कंपनीत वाहवा मिळवलेलं सर्किट तिने मोठ्या कौतुकाने घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर जोडून आईला दाखवलं.

"ह्या बाजूला घरातली वीज, त्या बाजूला नाजूक सर्किट आणि मध्ये हा ऑप्टोकपलर. ह्याच्या आत इकडे दिवा लागतो, तिकडे त्याचा उजेड पोचतो, बस्स. मध्ये तारच नाही, मग शॉक येईल कुठून? त्या बाजूला खुशाल हात लावून बघ."

आई उठली, रबरी चपला घालून आली आणि लाकडी चमच्याच्या टोकाने तिने सर्किटला हळूच डिवचलं.

लेक खो खो हसली. "अगं, किती घाबरतेस!"

"घाबरत नाही गं, सवयच लागलीय. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, तुला सांगितलं होतं की. 'रविवारी बघते' म्हणालीस."

त्यानंतर किती रविवार गेले, हे विचारायची लेकीची छाती झाली नाही. मान खाली घालून ती तशीच मशीनकडे निघाली.

 

आईने पायातल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. "थांब, अनवाणी जाऊ नकोस. आधी ह्या घाल."