ओळख पटली

पडेगावच्या राजकुमारनं कापसाच्या जिनिंगसाठी वजनाचं सॉफ्टवेअर बनवलं. फोनवर ऐकूनच गंगापूरचे जिनिंगमालक काकासाहेब खूश झाले. पण डाउनलोड करायला गेले की स्क्रीनवर लाल पाटी यायची : 'प्रकाशक अज्ञात. फाइल धोकादायक असू शकते.'

"सर, तुमच्यावर भरवसा हाय," काकासाहेब म्हणाले, "पण हे कुणी बनवलं तेच कळत नाय म्हणतंय. व्हायरस घुसला तर?"

फाइलमध्ये काहीच खोट नव्हती. पण बनवणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय ती पाटी हटणार नव्हती. राजकुमारनं ओळख तपासणाऱ्या कंपनीला सगळे कागद धाडले, व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवला आणि शेवटी स्वतःच्या नावाचं डिजिटल प्रमाणपत्र मिळवलं. आईला म्हणाला, "आता जगात कुठंबी माझ्या नावानं उघडंल हे."

एसटी पकडून तो गंगापूरला गेला. काकासाहेबांनी "या सर" म्हणत शेजारी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि स्वतःच फाइल उघडली. लाल पाटी आली नाही. एक साधी चौकट आली : 'प्रकाशकाची ओळख पटली आहे. राजकुमार गौतम साळवे. इन्स्टॉल करायचं?'

काकासाहेबांनी ते नाव सावकाश वाचलं आणि 'नाही'वर क्लिक केलं.

"साळवे व्हय तू?" ते म्हणाले. "मग पहिलंच सांगायचं ना. एवढी खटपट तरी कशाला केली असतीस."