पाण्याची ताटली

बाबांनी सायगॉनच्या बाजारातून जलड्रॅगनची दोन पिल्लं आणली, बोटभर हिरवे सरडेच. महिनाभर बाबा काचपेटीपुढे बसून होते. पिल्लं रातकिडे खायची, दिव्याखाली शेकायची, पण पाण्याच्या ताटलीत पाय घालायची नाहीत. "जलड्रॅगन म्हणे! आंघोळीला क्वेनसारखीच आळशी," बाबा मला चिडवायचे. मग त्यांना हार्ट अटॅक आला. पौर्णिमेला मी इस्पितळातून घरी आले, तर पेटी रिकामी. "पॅगोड्याच्या तळ्यात सोडली," आई म्हणाली. "कोंडलेला जीव सोडला की आजारी माणूस उठतो." त्या तळ्यातले मांगूर मासे बदकाची पिल्लंसुद्धा गिळतात. "अगं आई…" मी म्हणाले. सकाळी इस्पितळात बाबांनी डोळे उघडले. "क्वेन, पिल्लं पाण्यात उतरली का गं?" आई माझ्याकडे बघत राहिली. "उतरली, बाबा." "लबाड पिल्लं! मी नसतानाच! चल, घरी ने मला."