न्यूझीलंडहून आलेली मुलगी

बाई फळ्यावर नकाशा टांगत होत्या, आणि तिसरीच्या वर्गातली बत्तीस पोरं तो सरळ व्हायची वाट बघत होती.

न्यूझीलंड. दोन मोठी बेटं, मध्ये चिंचोळा समुद्र. इंग्रजीच्या तासाला हा देश वर्षातून एकदा यायचा आणि महिनाभर मुक्काम ठोकायचा. डोंगर, मेंढ्या, नाकाला नाक लावून स्वागत करणारी माणसं, सगळं पोरांनी इंग्रजी शब्दांसकट शिकायचं. बाईंचा हा हातखंडा विषय होता. शाळेच्या माहितीपत्रकात त्यांच्या फोटोखाली छापलंच होतं, दोन वर्षं न्यूझीलंडमध्ये वास्तव्य.

खरं सांगायचं तर बाईंनी न्यूझीलंड सोडा, विमानसुद्धा आतून पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर दीड महिन्यात नवरा तिकडे गेला, तुला बोलावून घेतो म्हणाला. बाईंनी भांडीकुंडी वाटून टाकली, शेजारणींच्या गळ्यात पडून निरोप घेतला. बोलावणं काही आलं नाही. चार पत्रं आली, मग तीही आटली. आता लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार? दूरच्या गावी मावशीकडे त्यांनी दोन वर्षं काढली आणि परत आल्यावर सांगितलं, तिकडची हवा मानवली नाही. चार पत्रं आणि वाचनालयातली दोन पुस्तकं, एवढ्या भांडवलावर त्यांना ही नोकरी मिळाली होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोघींचं पोट ह्याच पगारावर होतं.

अकरा वर्षं कोणाला संशय आला नाही. ह्या वर्षी मात्र तिसऱ्या बाकावर ती येऊन बसली.

आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली, आईवडिलांबरोबर नुकतीच न्यूझीलंडहून परतलेली. मुख्याध्यापिका स्वतः तिला वर्गात घेऊन आल्या. घ्या, तुमच्या गावची पाहुणी, असं हसत म्हणून गेल्या. बाईही हसल्या आणि घाईघाईने फळा पुसू लागल्या.

पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव मेंढी ठेवून टाकलं. मेंढी रडली नाही, भांडलीही नाही. ती मुळी बोलायचीच नाही. बाई इंग्रजी शब्द सांगायच्या, सगळा वर्ग छप्पर उडेल असा ओरडायचा, आणि मेंढीचे नुसते ओठ हलायचे. बाईंना वाटलं, तिथे दोन वर्षं राहिलेली पोर, आपलं हे बालवाडीचं इंग्रजी कशाला तोंडात घेईल?

ती लिहीत मात्र असायची. बाकीची पोरं कशीबशी पाच शब्द उतरवायची. ही पठ्ठी बाईंचा शब्द न् शब्द टिपायची, अगदी बाई सहज काही बोलून गेल्या तरी. वही भरत चालली तसा बाईंचा जीव खालीवर होऊ लागला. घरी जाऊन ही सगळं दाखवणार, आईवडील वाचणार, आणि एक दिवस मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ती वही येऊन पडणार.

भीतीने माणूस नको तिथे घसरतो. गुरुवारी हवामान शिकवताना बाई बोलून गेल्या की जानेवारीत तिथे कडाक्याची थंडी पडते, खिडक्यांच्या काचासुद्धा गोठतात. मेंढी मान वर करून बघत होती. तिची ती नजर बाईंना सहन होईना.

"हो ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाई," मेंढी म्हणाली, आणि तिने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी आईला भरवताना बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. जानेवारीत तिथे भर उन्हाळा असतो! नवऱ्याच्या पहिल्याच पत्रात होतं, जानेवारी आहे आणि घामाने जीव नकोसा झालाय. म्हणजे त्या पोरीला चूक कळली होती आणि तरी ती हो म्हणाली होती. कीव केली असेल? की अजून पुरावा गोळा करायचा असेल? काय झालं, म्हणून आईने दोनदा विचारलं. बाईंनी डोळे पुसले आणि काही नाही म्हणाल्या. नोकरी गेली तर आईचं औषध कुठून आणायचं, हे काही त्यांना सुचत नव्हतं.

शुक्रवारी मेंढीने चिठ्ठी आणून दिली. तिची आई शाळा सुटल्यावर येणार होती, तिला एकट्यातच बोलायचं होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी राजीनामा लिहिला. कोणी हाकलण्याआधी आपणच गेलेलं बरं, निदान अब्रू तरी राहील. दोन ओळी लिहायला त्यांना तीन कागद लागले.

मेंढीची आई आली ती मुलीला व्हरांड्यात उभी करून. अंगाने वाळलेली, चपलेचा अंगठा शिवलेला, हातात ती वही. आत येताच तिने दार लोटून घेतलं. बाईंनी राजीनाम्याची घडी मुठीत धरली. कबुली देऊन मोकळं व्हावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण त्या आईनेच आधी सुरुवात केली. पोरीने सगळं नीट उतरवलंय, थंडीचंसुद्धा पाठ झालंय, असं ती खालच्या आवाजात सांगू लागली. रविवारी तिचे स्वतःचे आईवडील नातीला भेटायला येणार होते आणि ते खोदून खोदून विचारणार होते. तोवर पोरीची घरांची, शाळेची, रस्त्यांची तयारी करून घ्याल का?

बाईंना काही कळेना. "पण ती तर तिथे राहून आलीय."

आईने दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आम्ही कुठेच गेलो नव्हतो, बाई. हिचे बाबा दोन वर्षं तुरुंगात होते. माझ्या घरच्यांना आम्ही न्यूझीलंड सांगून बसलोय, आणि आता परतीचा रस्ता नाही. तुम्ही तिथे राहून आलात हे माहितीपत्रकात वाचलं, म्हणून तर हिला ह्या शाळेत घातली."