बारावं घर

"जागा रिकामी झाली की कळवू," कारकून मान वर न करता म्हणाला.

जागा रिकामी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला सातव्या खेपेला नीट उमगलं होतं. सरकारच्या अखंड वीज योजनेत त्यांच्या वस्तीतली बाराच घरं बसत. खांबावरच्या पेटीतून तेवढ्याच घरांना वेगळी तार होती. त्या प्रत्येक घरात कोणीतरी श्वासाच्या यंत्रावर होतं, म्हणून कपातीतही तिथली वीज जात नसे. तिचं चार महिन्यांचं बाळ तेरावं. रोज पाच ते नऊ वीज गेली की ती, नवरा आणि सासूबाई आळीपाळीने रबरी फुगा दाबून त्याला श्वास पुरवत. हात जरा मंदावला की त्याचे इवलेसे ओठ निळे पडत.

हल्ली देवापुढे हात जोडले की मनात नको ते यायचं. त्या बारांपैकी एखादं... पुढचा शब्द ती गिळायची.

दार ढकलून एक आजी आत आल्या. जिन्यात दोनदा तरी बसल्या असाव्यात, कपड्यांना मागून धूळ लागली होती. ओठांवर मात्र गडद लाली.

"काय आजी, आज एकदम थाटात!" बाकावरचा लाइनमन म्हणाला. वस्ती त्याला रेडिओ म्हणायची. चार घरच्या बातम्या सांगितल्याशिवाय तो खांबावरून उतरत नसे.

"कचेरीत यायचं तर... माणसात दिसावं." आजी थांबल्या. मग योजनेचं कार्ड टेबलावर ठेवलं. "ही सवलत परत घ्या. आता गरज नाही."

रेडिओने वाकून कार्डाकडे पाहिलं.

कार्डावर फक्त घराचा क्रमांक होता. सवलत सोडायच्या अर्जात कारणाचा रकाना होता, पण अशा वेळी कारकून तो विचारत नसे. खालमानेने स्वतःच भरून टाकी.

"मागच्या आठवड्यात तर यंत्राचा आवाज येत होता," रेडिओ पुटपुटला.

"वय झालंच होतं," आजी म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "फुगा दाबतेस ती तूच ना?"

रेडिओ जमिनीकडे बघू लागला.

"आजच जोडा हिचं. पाचाच्या आत."

तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. तिने घाईने तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा आजी दाराबाहेर गेल्या होत्या.

दुपारी रेडिओ खांबावर चढला, एक तार सोडवली, दुसरी जोडली.

"त्यांच्याकडे कोण होतं आजारी?" तिने खालून विचारलं.

"काय माहीत, वहिनी. आपण खांबावरचा माणूस, उंबऱ्याच्या आत कधी गेलो नाही. आजी खिडकीत येऊन बोलायच्या. तुमच्या बाळाचं मात्र रोज विचारायच्या हं."

पाच वाजले. शेजारचे पंखे थांबले. बाळाचं यंत्र घुमत राहिलं. कोनाड्यातला फुगा तसाच पडून होता. तिघंही यंत्राकडे बघत बसली.

साडेसहाला सासूबाई म्हणाल्या, "जा, त्यांना भेटून ये. घरातलं माणूस गेलंय गं. एकट्या असतील."

आजींचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीतून अजून मावळतीचा उजेड येत होता. खोलीत एकच खुर्ची, एकच पलंग, दाराशी चपलांचा एकच जोड.

"आजी?"

त्या खिडकीशी बसल्या होत्या, खांबाकडे तोंड करून. मांडीवर रुमाल होता, लालीने माखलेला. शेजारी यंत्र मुकं उभं होतं. त्याची नळी त्यांच्या नाकापर्यंत गेली होती, आणि पुसलेल्या ओठांचा रंग तिच्या चांगला ओळखीचा होता.